४२.३४ मीटरवरची उषाबेन

लोणी काळभोरला गच्चीवर दोन बांबू उभे करावेत, त्यांच्यामध्ये वीसेक मीटर तांब्याची तार ताणावी, ती मधोमध तोडून तिथून केबल खाली खोलीत आणावी, की हॅम रेडिओसाठी बऱ्यापैकी अँटेना तयार होते. खर्च फार नाही. त्यावरून बोलायला मात्र केंद्र सरकारचा परवाना लागतो आणि परवान्यासाठी परीक्षा. ही तार ज्या लहरींसाठी मापून कापलेली असते त्यांना हौशी रेडिओवाले चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात. भारतातले हॅम याच पट्ट्यावर एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात, नवे यंत्र तपासून बघतात, वादळ-भूकंपात निरोपही इथूनच पोचवतात. १९४२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस याच पट्ट्यात, ४२.३४ मीटरवर, एक अनोळखी केंद्र ऐकू येऊ लागले. आपण काँग्रेस रेडिओ असून भारतातच कुठूनतरी बोलत आहोत, एवढेच ते स्वतःबद्दल सांगत असे. त्यावर बोलणाऱ्यांत २२ वर्षांची एक मुलगी होती. त्या बोलण्याची किंमत तिने लोणीपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या येरवडा तुरुंगात चुकवली.

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतेजवळच्या सरस गावातला. वडील हरिप्रसाद मेहता ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. घरात शिस्त, पुस्तके आणि सरकारी नोकरीमुळे येणारा सावधपणा, असे वातावरण. पाच वर्षांची असताना तिने अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींना पाहिले. १९२८ मध्ये सायमन कमिशनच्या विरोधात निघालेल्या मोर्चात ही आठ वर्षांची पोर चालत होती. सरकारी न्यायाधीशाच्या मुलीने असे करणे वडिलांना अडचणीचे होते आणि त्यांनी तिला उत्तेजन दिले नाही. १९३० मध्ये ते निवृत्त झाले आणि ती अडचण मिटली. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आले.

बारा वर्षांच्या मुलीला चळवळीत काय काम मिळणार? पत्रके वाटायची, तुरुंगातल्या नातेवाइकांना भेटायला जायचे, जाताना निरोप न्यायचे आणि येताना आणायचे. लहान मुलांची झडती सहसा कोणी घेत नसे. निरोप तोंडपाठ करणे, जसाच्या तसा पुढे देणे आणि तो कुणाचा हे विसरून जाणे, ही सवय तिला त्या वयात लागली. संदेशवहनाच्या शास्त्रात पुढे ज्याला नोड म्हणू लागले, ते काम हेच. फरक इतकाच की यंत्राला उलटतपासणीला बसवता येत नाही.

शाळेत ती हुशार होती. १९३५ मध्ये मॅट्रिक झाली, पहिल्या पंचवीसांत आली. १९३९ मध्ये विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली आणि कायद्याचा अभ्यास सुरू केला. तो पुरा व्हायचा होता तेवढ्यात १९४२ चा ऑगस्ट उजाडला.

८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटेपर्यंत गांधीजींसह सगळे मोठे नेते पकडले गेले होते. वर्तमानपत्रांवर बंधने आली आणि आकाशवाणी तर सरकारचीच होती. लोक रस्त्यावर होते, पण साताऱ्यात काय चालले आहे हे बिहारला कळायला मार्ग नव्हता. उषाबेन आणि त्यांच्या मित्रांनी विचार केला तो एवढाच: छापखाना पकडता येतो, कागद जप्त करता येतो, हवेतली लहर कशी जप्त करणार?

कल्पना सोपी होती. अडचण होती ती ट्रान्समीटरची. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये सरकारने हौशी केंद्रांचे नवे परवाने बंद केले आणि जुन्या परवानाधारकांना आपापली प्रेषणयंत्रे जमा करायला सांगितले होते. मुंबईत असे हौशी लोक अगदी थोडे होते. त्यांतले एक नरिमन प्रिंटर. व्हीयू२एफयू हे त्यांचे चिन्हनाम. दुसरे नाव बॉब तन्ना यांचे घेतले जाते, चिन्हनाम व्हीयू२एलके. यंत्र कसे बांधायचे हे अशाच लोकांना ठाऊक होते. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांच्याकडे ध्वनिमुद्रणाची साधने आणि सुटे भाग होते. काँग्रेसच्या अधिवेशनांतले कर्णे याच कंपनीचे असत. पैसा आणि जागा जमवायचे काम बाबूभाई खाखर यांनी अंगावर घेतले. विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी सोबत होते. उषाबेनना सोल्डरिंग येत होते की नाही कोण जाणे, पण त्यांचे काम वेगळे होते: बातम्या, भाषणे, वेळापत्रक आणि आवाज. राममनोहर लोहियांना या खटपटीचा सुगावा लागला तेव्हा त्यांनी वेगवेगळे धागे एकत्र आणले. लोहिया आणि नगरचे अच्युतराव पटवर्धन यांची भाषणेही मग या केंद्रावरून जाऊ लागली.

इथे थोडे गणित. रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर धावते. त्याला ४२.३४ ने भागले की सेकंदाला जवळपास ७१ लाख आवर्तने, म्हणजे साधारण ७.१ मेगाहर्ट्झ, असे उत्तर येते. या लहरींचा स्वभाव मोठा मजेदार आहे. जमिनीलगत त्या काही किलोमीटरच टिकतात. वर गेलेल्या मात्र शे-दोनशे किलोमीटरपासून पुढच्या उंचीवरच्या आयनांबरावर आपटून खाली येतात आणि मधले डोंगर, नद्या, पोलीस चौक्या ओलांडून शेकडो किलोमीटरवर उतरतात. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर या लहरींची बरीच ऊर्जा पिऊन टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि तेच क्षीण यंत्र दूरवर ऐकू येऊ लागते. काँग्रेस रेडिओ सुरुवातीला दिवसातून दोनदा बोलत असे. नंतर फक्त संध्याकाळी, साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. लोक कामावरून घरी आलेले असत हे कारण त्याला असेलच, पण आयनांबराच्या दृष्टीनेही ही वेळ उत्तम होती. जपानने व्यापलेल्या ब्रह्मदेशापर्यंत हे केंद्र ऐकू येत असल्याचे सांगितले जाते. या पट्ट्यावर मोकळ्या संध्याकाळी हे अंतर अजिबात अशक्य नाही.

पहिले प्रसारण २७ ऑगस्ट १९४२ रोजी झाले. सुरुवातीला हिंदोस्ताँ हमारा, शेवटी वंदे मातरम्, मध्ये हिंदी आणि इंग्रजीत बातम्या व भाषणे. बातम्या रेडिओने येत नसत, माणसांकडून येत. देशाच्या निरनिराळ्या भागांतून खास निरोपे मुंबईला यायचे, हातोहात कागद पोचायचे. आष्टी आणि चिमूरला ऑगस्टच्या मध्यावर जे घडले, लष्कराने गावात घुसून बायकांवर जे अत्याचार केले, ते वर्तमानपत्रांना छापता येत नव्हते. विदर्भातल्या त्या दोन गावांची हकीकत देशाला सांगणाऱ्यांत हे केंद्र पहिले होते. चितगाववरचे बॉम्बहल्ले आणि जमशेदपूरचा संप यांच्या बातम्याही इथूनच गेल्या.

परवानाधारक हॅमला हे सगळे निषिद्ध असते हेही सांगायला हवे. हौशी रेडिओवरून राजकारण करायचे नाही, प्रसारण करायचे नाही, सांकेतिक भाषेत गुपिते बोलायची नाहीत, हे नियम तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्या अर्थाने काँग्रेस रेडिओ हे हौशी केंद्र नव्हतेच. कौशल्य हौशांचे, पट्टा हौशांचा, काम मात्र बंडाचे.

आकाशात सोडलेली लहर जप्त करता येत नसली तरी ती कुठून निघाली हे शोधता येते. तारेचे वेटोळे असलेली अँटेना हळूहळू फिरवली की एका कोनात आवाज सर्वांत क्षीण होतो. नकाशावर त्या दिशेने रेघ ओढायची. दुसऱ्या जागी जाऊन तेच करायचे. दोन रेघा जिथे छेदतात त्याच्या आसपास ट्रान्समीटर. ऐकायला सोपे, पण गिरगाव-वाळकेश्वरसारख्या दाट वस्तीत विजेच्या तारा, नळ आणि लोखंडी गजांवरून लहरी परावर्तित होतात, रेघा चुकतात. पुन्हा मोजावे लागते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून लपणाऱ्याने थोडा वेळ बोलावे आणि जागा बदलावी. उषाबेनच्या गटाने हेच केले. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, वाळकेश्वरचा रतन महाल, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला, गिरगावातली पारेखवाडी, असा मुक्काम हलत राहिला. ध्वनिमुद्रण एका जागी आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागी, अशी विभागणीही त्यांनी केली. त्या काळचा ट्रान्समीटर म्हणजे काचेचे तापणारे व्हॉल्व्ह आणि लोखंडी गाभ्याचे जड ट्रान्सफॉर्मर. तो शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जिन्यावरून चढवायचा आणि उतरवायचा, हे काम लहरींच्या गणितापेक्षा अवघड.

लहरींच्या मागावर असलेल्या गाड्यांना शेवटी जे साधायचे होते ते माणसामुळे साधले. ज्या तंत्रज्ञाने यंत्र उभे केले होते तोच पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने ठावठिकाणा सांगितला. प्रिंटर पुढे माफीचे साक्षीदार झाले. त्यांना सरळ खलनायक ठरवून मोकळे होता येते, बरेच जण तसे करतातही. पण परवाना गेलेला, यंत्र जप्त होण्याची टांगती तलवार डोक्यावर, युद्धकाळातला कायदा समोर, अशा माणसावर सगळ्या केंद्राचा भार होता ही गोष्टही त्याच हिशेबात धरायला हवी.

१२ नोव्हेंबर १९४२. बाबूभाईंच्या कार्यालयावर छापा पडला तेव्हा उषाबेन तिथेच त्या संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी करत होत्या. त्यांनी महत्त्वाची कागदपत्रे तिथून हलवली. ध्वनिमुद्रणाच्या जागी जाऊन लोहिया आणि मोइनुद्दीन हॅरिस यांना सावध केले. तंत्रज्ञाला दुसरा ट्रान्समीटर तयार ठेवायला सांगितला, म्हणजे पहिला गेला तरी दुसऱ्या दिवशी केंद्र बोलत राहील. इथवर सगळे सावध माणसाचे वागणे. त्यानंतर घरी जाऊन लपणे शक्य होते. पण त्या चंद्रकांत झवेरींना घेऊन प्रक्षेपणाच्या जागी गेल्या, कारण संध्याकाळच्या कार्यक्रमाची वेळ झाली होती. सुरुवातीचे गाणे झाले, बातम्या झाल्या, भाषण झाले. वंदे मातरम् ची तबकडी सुरू असताना दारावर धक्के बसू लागले. एकामागून एक तीन दरवाजे फोडून पोलीस उपायुक्त, लष्करी तंत्रज्ञ आणि पन्नासेक शिपाई आत आले. तबकडी बंद करा असे सांगण्यात आले. दोघांनीही ती बंद केली नाही. यंत्राबरोबर काँग्रेस अधिवेशनांची छायाचित्रे आणि बोलपटांची रिळे असलेल्या २२ पेट्या जप्त झाल्या. अडीच महिने चाललेले केंद्र त्या संध्याकाळी थांबले.

पुढचे सहा महिने एकटीला कोठडीत ठेवून चौकशी झाली. परदेशी शिक्षणाला पाठवू, फक्त सहकाऱ्यांची नावे सांगा, असे आमिषही दाखवले गेले. त्या काही बोलल्या नाहीत. खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी न्यायाधीशांना विचारले की उत्तरे देणे आपल्यावर बंधनकारक आहे का. नाही, असे कळल्यावर एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही, अगदी स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा नाही. कायद्याचा अर्धवट सुटलेला अभ्यास इथे कामी आला म्हणायचा. विशेष न्यायालयाने बाबूभाईंना पाच, उषाबेनना चार आणि चंद्रकांतांना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले.

येरवड्यात त्यांची प्रकृती ढासळली. उपचारासाठी मुंबईला जे. जे. रुग्णालयात आणले गेले, तिथेही खाटेभोवती तीन-चार पोलिसांचा दिवसरात्र पहारा. जरा बरे वाटू लागताच परत येरवडा. १९४६ मध्ये, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, त्यांची सुटका झाली. मुंबई प्रांतात सुटलेल्या पहिल्या राजकीय कैद्यांपैकी त्या एक. तोवर शरीर इतके थकले होते की सक्रिय राजकारण करणे शक्य राहिले नाही. १५ ऑगस्ट १९४७ च्या दिल्लीतल्या समारंभालाही त्या जाऊ शकल्या नाहीत. त्या दिवशी त्या अंथरुणावर होत्या.

काँग्रेस रेडिओच्या रचनेकडे आजच्या संदेशवहनाच्या नजरेने पाहिले तर एक विसंगती ठळक दिसते. बातम्या आणणाऱ्या माणसांचे जाळे दूरवर पसरलेले होते. एक निरोप्या पकडला गेला तरी दुसरा येत असे. ऐकणारेही हजारो होते, त्यांना कोणी गाठू शकत नव्हते. पण मधोमध एकच ट्रान्समीटर आणि तो जाणणारा जवळजवळ एकच माणूस. जाळ्याची गाठ तिथे होती आणि घाव तिथेच बसला. उषाबेनना शेवटच्या दिवशी दुसरा ट्रान्समीटर हवा होता, तो याचसाठी.

आज मेश नावाने ओळखली जाणारी रचना याच दुखण्यावर उतारा म्हणून पुढे आली आहे. तीत मध्यवर्ती केंद्र नसते. प्रत्येक छोटे यंत्र शेजाऱ्याचा निरोप ऐकते आणि पुढच्याला देते. एक बंद पडले की निरोप दुसऱ्या वाटेने जातो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ठरावीक क्षमतेच्या यंत्रांना परवाना लागत नाही, त्यामुळे तळहातावर मावणारी अशी यंत्रे लोणीपासून हडपसरपर्यंत गच्च्यागच्च्यांवर ठेवून मोबाइल नेटवर्कशिवाय मजकूर पाठवणे शक्य आहे. एवढी उच्च कंप्रता आयनांबरावरून परत फिरत नाही, सरळ अवकाशात निघून जाते. त्यामुळे मधली टेकडी आडवी आली तर तिच्या माथ्यावर एक यंत्र ठेवावे लागते. ते कुणीतरी ठेवले पाहिजे, त्याची बॅटरी कुणीतरी बदलली पाहिजे. सगळे घोडे तिथेच अडते.

सर्वांत उंच टेकडी म्हणजे उपग्रह. अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांनी बनवलेला ऑस्कर-१ हा १२ डिसेंबर १९६१ रोजी, स्पुटनिकनंतर जेमतेम चार वर्षांनी, दुसऱ्या एका उपग्रहाच्या सोबतीने कक्षेत गेला. भारताचा हॅमसॅट ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. वजन ४२.५ किलो. त्यावरच्या दोन ट्रान्सपाँडरपैकी एक भारतात घडला आणि दुसरा एका डच विद्यार्थ्याने बनवला. तो वापरायला पैसे पडत नव्हते, परवाना असला की पुरे. २०१४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, त्याने साथ दिली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या एकापाठोपाठ एक तुकड्यांनी घडवलेला स्वयम् हा एक किलोहून हलका उपग्रह २२ जून २०१६ रोजी गेला. एका ठिकाणच्या हॅमचा मजकूर दुसऱ्या ठिकाणच्या हॅमपर्यंत पोचवायचा, हेच त्याचे काम ठरवलेले होते. ज्यांनी आराखडा काढला ते उड्डाणाच्या आधीच पदवी घेऊन बाहेर पडले होते. काम एकाने सुरू करायचे आणि अनोळखी दुसऱ्याने तडीस न्यायचे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नसावे.

उषाबेन मात्र स्वातंत्र्यानंतर रेडिओकडे वळल्या नाहीत. तब्येत सावरल्यावर त्यांनी गांधीजींच्या राजकीय-सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. केली. विल्सन कॉलेजात सुमारे तीस वर्षे शिकवले, विद्यापीठात राज्यशास्त्राचा विभाग सांभाळला आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. मणिभवनचा कारभार पाहिला. लग्न केले नाही. खादी नेसायच्या, बसने फिरायच्या, पहाटे चारला उठायच्या आणि चहा-पावावर दिवस काढून रात्री उशिरापर्यंत काम करायच्या. सत्तेत गेलेल्या जुन्या साथीदारांविषयीची निराशा त्यांनी लपवली नाही. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांच्यावरचा चित्रपट २०२४ मध्ये आला, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

दर वर्षी ९ ऑगस्टला त्या गवालिया टँकच्या मैदानावर, आता ज्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात तिथे, जात असत. २००० सालच्या ९ ऑगस्टला अंगात ताप होता. तरी त्या गेल्या, झेंडावंदन केले आणि घरी परतल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.